मंदाने दिलेलं आडनाव

जर्मनीत रविवारी चटणी कुटायची नसते, हे मला विमानात बसवताना कुणी सांगितलं नव्हतं. बाकी पुष्कळ सांगितलं होतं. पासपोर्ट छातीशी ठेव, अनोळखी माणसाकडून काही घेऊ नको, दोन स्वेटर एकावर एक घाल, पाणी उकळून पी. चटणीचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणून पहिल्याच रविवारी सकाळी मी आईनं दिलेला छोटा लोखंडी खलबत्ता फरशीवर मांडला, लसूण, सुकं खोबरं, लाल मिरची घेतली आणि बत्ता हाणायला सुरुवात केली. तिसऱ्या मिनिटाला घरमालकीण दारात. सत्तरीची बाई, नीट विंचरलेले पांढरे केस, अंगात इस्त्रीचा ब्लाउज. तिनं आधी खलबत्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मला मनगटाला धरून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी नेलं, रविवारच्या लाल आकड्यावर बोट टेकवलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं. रविवारी आवाज करायचा नाही. धुण्याचं मशीन लावायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही. बाई वाईट नव्हती. जाताना तिनं खलबत्त्यात नाक घातलं, दोनदा शिंकली आणि उद्या कूट अशी खूण करून गेली.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. बेडशाची. लेण्यांच्या पायथ्याशी आमचं घर, वडील कामशेतला रेल्वेत गँगमन, आई भातलावणीला आणि काढणीला दुसऱ्यांच्या वावरात. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध आणि मामाच्या लग्नाचा फोटो. मी आयटीआय केलं आणि नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत लागले. गाडीच्या पोटात ज्या वायरींच्या जुड्या असतात ना, त्या बांधायचं काम. काम साधं दिसतं, पण एक वायर चुकीच्या घरात गेली की सगळी गाडी आंधळी. माझी चूक निघायची नाही, मंदाची निघायची नाही, म्हणून आम्हा दोघींना तीन महिन्यांसाठी कंपनीच्या जर्मनीतल्या मूळ कारखान्यात शिकायला पाठवलं. मंदा शितोळे नवलाख उंबऱ्याचीच. तिच्या घरची जमीन कंपनीच्या एमआयडीसीत गेली, घरटी एक नोकरी मिळाली, भाऊ दहावीला तीनदा आपटला म्हणून ती मंदाच्या पदरात पडली. हे तीच हसत सांगायची.

राहायला त्या म्हातारीच्या घराचा माळा. तिरपं छत, दोन खाटा, एक खिडकी. खिडकीतून समोरच्या घराचं लाल कौलारू छप्पर आणि त्याच्यावरचं तुकडाभर आभाळ, बस. भिंतीतल्या लोखंडी नळ्यांतून गरम पाणी फिरायचं, ते पहाटे गुरगुरायचं, आणि मंदा झोपेत, घरची आजी घोरतेय समजून, म्हणायची, "आजी, गप की आता." चर्चची घंटा दर पाव तासानं. आपल्याकडे देवळाची घंटा माणूस वाजवतो, तेव्हा कुणीतरी आलंय एवढं तरी कळतं. ही आपली आपणच वाजायची. कामाच्या दिवशी काही वाटायचं नाही, पण रविवारी त्या घंटेशिवाय दुसरा आवाजच नसायचा, आणि मी खाटेवर पालथी पडून बेडशाच्या रविवारची याद काढायची: लेण्याला आलेल्या पोरांचा कालवा, आईची कुणाला तरी मारलेली हाक, पलीकडच्या वस्तीवरची मळणी. रडू यायचं. मंदाला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे करायची.

खोलीत दोन शेगड्यांची एक विजेची चूल होती. पहिल्या दिवशी मंदानं तिचं पातेलं उजव्या शेगडीवर ठेवलं, मी माझं डाव्या. ती म्हणाली नाही की तुझं वेगळं कर, मी विचारलं नाही की एकत्र करायचं का. ज्या गावांत आम्ही दोघी वाढलो तिथं हे बोलून दाखवावं लागत नाही. माणूस आपसूक बाजूला सरकतो. दोन आठवडे असं चाललं. तिच्याकडे बाजरीचं पीठ आणि आमटीचं येसर, माझ्याकडे आईनं दिलेलं तांदळाचं पीठ आणि सुकट. मी सुकट भाजली की म्हातारी खालून खिडक्या उघडायची, आणि मंदा नाक फुगवून नुसता वास घ्यायची. मागायची नाही. मी पुढं करायची नाही. काय अवघड मुली होतो आम्ही.

तिसऱ्या आठवड्यात मंदा तापानं फणफणली. मी कारखान्यातून आले तर ती दोन्ही ब्लँकेटांखाली कुडकुडत होती, सकाळपासून पोटात काही नाही. मी तांदळाची पेज केली, मीठ घातलं, वाटीत ओतली आणि तशीच उभी राहिले. खरंच उभी राहिले, वाटी हातात घेऊन, दोन पावलांवर. तिनं डोळे उघडले, म्हणाली, "आण की. गार व्हायची वाट बगती का?" तिनं ती पेज प्यायली, वाटी परत पुढं केली, अजून प्यायली. चार दिवसांनी उठली तेव्हा तिनंच तिचं पातेलं धुऊन कपाटात ठेवलं. म्हणाली, "दोन दोन भांडी कोन घासनार, सुजे?" त्या दिवसापासून एकच पातेलं, एकच तवा, आणि सुकट अर्धी अर्धी.

शनिवारी मी फोनचं कार्ड घालून बेडशाच्या किराणा दुकानात फोन करायची. दुकानदार आईला बोलावून आणायचा. आईचा प्रश्न एकच: पोट भरतंय का? त्या शनिवारी मी तिला सांगितलं, आमचं दोघींचं एकत्र झालं. आई म्हणाली, "बरं झालं. मंग भाकर मोठी थापत जा." मला त्या फोनच्या काचेच्या खोपटातून बाहेर यावंसं वाटेना. मला सख्खी बहीण नाही, दोन भाऊच. मला वाटत होतं, मिळाली. आणि मनात एकच होतं, की हे परत गेल्यावर टिकावं. माळ्यावर टिकणं सोपं होतं, तिथं बघायला कोण होतं?

सहल मंदानंच काढली. कारखान्यात आमच्या टेबलावरची बाई म्हणाली होती की दोन तासांवर एक जुनं गाव आहे, सहाशे सातशे वर्षांचं, भोवती अख्खा तट, तुम्ही बघून याच. रविवारच्या त्या मुकेपणातून सुटका म्हणून आम्ही तिथं काय, कुठंही गेलो असतो. पहाटे उठून मी तांदळाच्या भाकरी केल्या, मंदानं अंडी उकडली, चटणी आदल्या दिवशीच, म्हणजे कायद्यानं, कुटलेली होती. आगगाडी इतकी गुपचूप चालायची की आम्हीही कुजबुजून बोलत होतो. बाहेर कापलेली शेतं, धुकं, मध्येच एखादी गाय. मंदानं बूट काढून पाय वर घेतले आणि म्हणाली, "सुजे, गेलो ना आपन परत, की मी बेडशाला येनार. तुज्या आईच्या हातची भाकर खायला. तू थापलेली लय जाड असती." मी म्हणाले, "येशील?" ती म्हणाली, "येनार म्हंजे येनार. शब्द हाय." मी खिडकीकडे तोंड केलं, या खेपेला हसू लपवायला.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. एक तर ते माझ्या जिभेला अजून वळत नाही, आणि दुसरं, गावाची काही चूक नाही. सुंदर गाव. वेशीतून आत शिरलं की दगडी गोट्यांचे रस्ते, चढ-उतार, बाजूला लाकडाच्या पट्ट्यापट्ट्यांची घरं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, दुकानांवर लोखंडी पाट्या लोंबलेल्या: पाववाल्याच्या दारावर लोखंडी पाव, न्हाव्याच्या दारावर वस्तरा. तटावर चढायला जिना होता आणि वर कौलारू छप्पर घातलेली वाट, गावाला पुरता वळसा घालणारी. मंदा वर जाऊन खाली वाकून बघत म्हणाली, "आपल्या लोहगडावर असं छप्पर घातलं असतं तर आमचा आबा वरच ऱ्हायला गेला असता." अकरा वाजता चौकातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ वाजलं, दोन बाहुल्या बाहेर आल्या, एकीनं पेला तोंडाला लावला आणि आत गेली. एवढं बघायला शंभर माणसं मान वर करून उभी. मी मान वर करूनच होते, तेव्हा मागून ऐकू आलं, "अहो, कान झाका आधी. मग बघा बाहुल्या."

मराठी! दोन महिन्यांत मंदाच्या तोंडाशिवाय कुठून ऐकली नव्हती. आम्ही दोघी गर्रकन वळलो. पुण्याची एक सहल होती, पस्तीस-चाळीस माणसं. काठाच्या साड्यांवर फुगीर जाकिटं, पायांत पांढरे खेळायचे बूट, पुरुषांना माकडटोप्या. ज्या काकू नवऱ्याचे कान झाकत होत्या त्यांच्याकडे जाऊन मंदा सरळ म्हणाली, "काकू, तुमी पुन्याच्या का?" त्या बाईंनी मंदाला अशी मिठी मारली की हिची पिशवी खाली पडली. कुठल्या गं तुम्ही, इथं कशा, एकट्या दोघीच, कुठं राहता, काय जेवता? मंदा म्हणाली, लोणावळ्याकडच्या, मावळातल्या. काकूंनी तोंडावर हात घेतला. "अगं, तुंगार्लीला आमचा बंगला आहे. तळ्याच्या पलीकडे. म्हणजे तुम्ही आमच्या गाववाल्याच झाला की." तुंगार्लीचे ते बंगले मला बाहेरून माहीत होते, बंद फाटक, आत कुत्रं, आणि गवत काढायला आमच्याकडच्या बायका. पण त्या क्षणी मला ते काही आठवलं नाही, मला फक्त त्या बाईंच्या शालीला येणारा आपल्याकडच्या साबणाचा वास आला.

तटाबाहेर बसगाड्या उभ्या करायची जागा होती. तिथं त्यांच्या बसच्या पोटातून सहलीचा स्वयंपाकी, सगळे त्याला महाराज म्हणत, मोठाले डबे काढून वाढत होता. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, शिरा. गार हवेत भाताची वाफ निघत होती. काकूंनी आम्हा दोघींच्या हातात कागदी ताटल्या दिल्या, स्वतः उभं राहून वाढायला लावलं. "महाराज, ह्या मुलींना पोटभर घाला. दोन महिने भात दिसला नाही बिचाऱ्यांना." रोज भातच खात होतो आम्ही, पण असल्या वेळी कोण बोलतं. मी पहिला घास घेतला. गोडा मसाला, वरून ओलं खोबरं. आणि काकू सहज, अगदी सहज, जसं आपल्याकडे कुणीही विचारतं तसं, म्हणाल्या, "आडनाव काय गं तुमचं?"

"शितोळे," मंदा म्हणाली.

"आणि हिचं?"

घास माझ्या तोंडात होता. मी तो गिळून बोलणार एवढ्यात मंदा म्हणाली, "ही पन शितोळेच. माजी चुलत बहीन."

काकूंनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "वाटलंच मला. नाकं बघा ना, अगदी एका साच्यातली." आणि त्या वळून सगळ्यांना सांगू लागल्या, ह्या शितोळे भगिनी, आपल्या मावळच्या, जर्मनीत कंपनीनं शिकायला पाठवलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थांनी आम्हाला मध्ये घेऊन फोटो काढला. कुणी चिवड्याची पुडी दिली, कुणी लिंबाचं लोणचं. मी हसत होते. हे मला आजही सांगताना अंगावर येतं: मी हसत होते. मंदानं खोटं एकदा सांगितलं, मी ते अर्धा तास वागवलं. कुणी "सुजाता शितोळे ना?" असं विचारलं की मी मान डोलवायची. भात चांगला होता आणि मला सगळ्या घोळक्यात हात धरणारी माणसं भेटली होती, आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं, जाऊ दे, एक दिवस.

मग काकूंनी माझ्या ताटलीत परत शिरा घातला आणि माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग हो माझं. म्हणावं, शितोळे वहिनींची कमाल आहे. मुलीला एवढ्या लांब पाठवायला काळीज लागतं."

शितोळे वहिनी. माझी आई भातलावणीच्या दिवसांत ज्यांच्या वावरात कमरेतून वाकायची, त्या बायकांना वहिनी म्हणायचे. आईला "ए, इकडं ये गं" म्हणायचे. ती पायाला चिखल लागलेली, लुगड्याचा काचा मारलेली आई माझ्या डोळ्यांसमोर आली आणि काकू जिचं कौतुक करत होत्या ती बाई कुणी दुसरीच होती. आईनं आपल्या कानातल्या बुगड्या मोडून माझं आयटीआय केलं, आणि शाबासकी मी शितोळ्यांच्या घरी देऊन टाकली. मी ताटली बसच्या पायरीवर ठेवली, तट बघून येते म्हणाले आणि निघाले. मंदानं "सुजे" अशी हाक मारली. मी वळले नाही.

गावातून मी किती फिरले, काही कळलं नाही. मगाशी मंदाबरोबर जे गाव गमतीचं वाटत होतं ते एकटीला भलतंच लांब वाटायला लागलं. माणसं जोडीजोडीनं कॉफी पीत बसलेली. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, बघावं असं त्यांना काही कारणही नव्हतं. आमच्या दारावरून लेण्याकडे कुणी गोरा माणूस गेला तर आई हातातलं टाकून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची. तो घ्यायचा नाही, त्याची बाटली त्याच्याजवळ असायची, पण ही विचारायची. त्या गावात मला दिवसभर कुणी पाणी विचारलं नाही, आणि ज्यांनी भात विचारला त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं. मला इतकं एकटं त्याआधी वाटलं नव्हतं. पुढंही फार वेळा वाटलं नाही.

तटाला आतून चिकटून एक बुटकं घर होतं, बाकीच्या घरांपासून हात राखून. भिंतीवर इंग्रजीत पाटी. मी आपलं आयटीआयचं इंग्रजी लावून तीनदा वाचली. गावात फाशी देणारा माणूस राहायचा तिथं. गावाला तो लागायचा, त्याच्याशिवाय चालायचं नाही, पण त्याच्या हाताला कुणी हात लावायचं नाही. चर्चमध्ये त्याचं बाक वेगळं, गुत्त्यात त्याचा पेला वेगळा, त्याच्या पोरीशी लग्न करायचं तर दुसऱ्या गावच्या फाशी देणाऱ्याच्या पोरानं. मला हसू आलं. विमानात बसून एवढं लांब यायचं आणि हेच वाचायचं. मग हसता हसता रडू फुटलं. मी त्या घराच्या पायरीवर बसले आणि रडून घेतलं. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन चालला होता, तो थबकला, टोपीला हात लावला आणि पुढं गेला.

मंदानं मला तिथंच शोधून काढलं. धापा टाकत होती, हातात शिऱ्याची पुडी.

"कुटं कुटं बगितलं तुला. काय झालं?"

"तू खोटं का सांगितलंस?"

"तुज्यासाटीच सांगितलं. चार मानसांत तुला कुनी वाकडं बगू न्हाई म्हनून."

"त्यांनी काय केलं असतं? ताटली काढून घेतली असती?"

मंदानं विचार केला. ती खोटारडी नव्हती, हे मी आजही म्हणेन. "न्हाई," ती म्हणाली. "तसं न्हाई वाटत. पन काय सांगावं?"

"मग?"

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. बराच वेळ पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी तोंड फिरवलं असतं तर मला तुज्याबरुबर उटावं लागलं असतं. आन मला लय भूक लागलीवती, सुजे."

इतकं खरं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मला तिचा रागही येईना आणि ती जवळचीही वाटेना. मी उठले आणि पळत सुटले. त्या गोट्यांच्या रस्त्यावरून, वेशीतून, बसगाड्यांच्या जागेकडे. मंदा मागून "आगं कुटं, आगं पडशील" करत येत होती. बस चालू झाली होती. दार बंद, मागं मागं येऊन वळत होती. काकू चौथ्या खिडकीत होत्या. मी काचेवर हात मारला. त्यांनी खाली बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

मी ओरडले, "काकू, मी शितोळे नाही. मी सुजाता बबन ओव्हाळ. बेडशाची. माझ्या आईचं नाव शांताबाई ओव्हाळ."

त्या बसच्या काचा उघडत नसतात. काकूंनी कानामागं हात धरला, मान हलवली, पुन्हा हात धरला. मी पुन्हा सांगितलं, शब्द शब्द सुटा करून. त्यांनी होऽ होऽ अशी मान डोलवली, दोन्ही हात जोडले आणि ओठांनी सावकाश म्हणाल्या, तुंगार्लीला नक्की या. बस वळली, मागून मला तिच्या पोटाचं बंद दार दिसलं आणि ती गेली. त्यांनी ऐकलं असतं तर काय झालं असतं, याचा मी पुढं वर्षानुवर्षं विचार केला. बहुतेक "बरं बरं, शिरा घेतलास का गं अजून?" असंच म्हणाल्या असत्या. बाई चांगली होती. पण ते मला कळायची सोय राहिली नाही.

मोकळ्या जागेत मी आणि मंदा. ती म्हणाली, "झालं का समाधान? ऐकलं सगळ्यांनी." तिच्याशिवाय कुणीच ऐकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. अर्ध्या वाटेत मंदानं फडकं सोडलं, सकाळची भाकरी मोडली, अर्धी माझ्या मांडीवर ठेवली. मी खाल्ली. भांडण भांडणाच्या जागी, भूक भुकेच्या. उरलेला महिना एकाच पातेल्यात शिजवलं, एकाच तव्यावर भाजलं, हसलो सुद्धा. पण मी ताट वाढताना तिच्याकडे बघायची आणि मनात यायचं, ही माझ्या हातचं खाते ते सुजाता ओव्हाळच्या हातचं, की कुणी बघत नाही म्हणून?

परत आल्यावर पंधरा दिवसांनी मंदा बेडशाला आली. शब्द पाळला तिनं. कंपनीच्या बसनं कामशेत, तिथून जीप, आणि लेण्याच्या वाटेनं चालत. आई सकाळपासून घर सारवल्यागत पुसत होती. तांदळाच्या पातळ भाकरी, सुकट, भाजलेल्या वांग्याचं भरीत. आणि दाराआडच्या सुपात एक पुरचुंडी: तांदूळ, डाळ, गूळ. आमच्याकडे लग्नकार्याला गावातले शेतकरी यायचे, पण आमच्या चुलीवरचं खायचे नाहीत. त्यांना असा कोरडा शिधा द्यायचा, ते आपलं घरी जाऊन शिजवायचे. मी आईला म्हणाले, हे कशाला? आई म्हणाली, "असू दे. पोरीला अवघड व्हायला नको."

मंदानं सुपाकडे बघितलंही नाही. पाय धुतले, आत आली, आईच्या चुलीपुढं मांडी घातली. तीन भाकरी खाल्ल्या. सुकट दोनदा मागून घेतली. "मावशी, ही अशी पातळ भाकर हिला का येत न्हाई वो?" आईनं तिला चौथी आग्रहानं वाढली, पदरानं स्वतःचे डोळे पुसले आणि धुरामुळं म्हणून सांगितलं. माझ्या छातीतलं दीड महिन्याचं ओझं उतरलं. मला वाटलं, मीच वाईट. मीच उगा त्या गावात तमाशा केला.

तिला पोचवायला मी फाट्यापर्यंत गेले. जीप यायची होती. मंदा ओढणी सारखी करत म्हणाली, "सुजे, आमच्या आईला कळू देऊ नको हां. हितं जेवले ते. देवाचं न्हाई येवडं, पन कुनाच्या चुलीवरची भाकर खाल्ली ते लय मानती ती."

तटाखालच्या त्या जागेत माझ्या तोंडात घास होता. इथं नव्हता. मी म्हणाले, "मी होऊन सांगणार नाही. पण विचारलं तर सांगेन."

जीप आली, मंदा बसली. कंपनीत आम्ही पुढं कितीतरी वर्षं शेजारच्या टेबलांवर वायरी बांधल्या, चहाच्या सुट्टीत बोललो, एकमेकींच्या पोरांची बारशी नुसती ऐकली. बेडशाला ती पुन्हा आली नाही. तिची आई मला नेहमी भेटायची, तळेगावच्या बाजारात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत. थांबायची, डोक्यावरून हात फिरवायची, म्हणायची, "आमची मंदा तुजं लय नाव काडती पोरी. परदेशात तूच सांबाळलं तिला." मी दर वेळी उभी राहायची, उत्तर तयार ठेवून. तिथं काय खायच्या, कशा राहायच्या, सगळं विचारायची म्हातारी. मंदा आमच्या घरी जेवली का, ते एक कधीच विचारलं नाही. गेल्या वर्षी वारली.